घणाखालचे नाणे

चांदवडच्या टाकसाळीत एका रुपयावर छाप उठवायला तीन माणसे लागत. पहिला चांदीची गोल चकती ऐरणीसारख्या ठोकळ्याच्या खोबणीत टाकी. खोबणीच्या तळाशी अक्षरे कोरलेली असत. दुसरा वरचा ठसा तिच्यावर धरी आणि तिसरा सहा पौंडांचा घण हाणी. घाव बसला की नाणे बाहेर, पुढची चकती आत. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरच्या नाशिक खंडात या कामाचे तपशीलवार वर्णन आहे. तिघे मिळून तासाला २,००० आणि दहा तासांच्या दिवसात २०,००० नाणी पाडत. म्हणजे एका नाण्याच्या वाट्याला पुरते दोन सेकंदही येत नसत. त्याच वर्णनात पुढे म्हटले आहे की, ठसा चकतीहून थोडा मोठा असल्याने सगळी अक्षरे नाण्यावर क्वचितच उमटत.

मराठेशाहीची नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद जवळ ठेवावी अशी आहे. आज एखादी चांदवडी किंवा शिवराई हातात आली की पहिला प्रश्न येतो तो तिच्या प्रतीचा. अक्षरे किती दिसतात? छाप ठळक आहे की फिकट? छाप फिकट असली की बहुतेक जण नाणे ‘घासलेले’ म्हणून बाजूला सारतात. पण जे अक्षर मुळात उमटलेच नाही, ते घासले जाणार कसे? नाणे टाकसाळीतून बाहेर पडले तेव्हा कसे होते आणि नंतर बाजारात त्याचे काय झाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठशाची पारख करायची म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवायच्या, आणि त्यासाठी ते नाणे ज्या टाकसाळीत पडले तिथले काम कसे चाले, हे ठाऊक असावे लागते.

चांदवडचेच पाहू. तिथे सुमारे ४०० कारागीर होते आणि प्रत्येकाला ठरावीक कसाची चांदी मोजून दिली जाई. तो तिचे तुकडे करी, ते गोल करी आणि तोलून पाही. त्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र तराजू आणि वजने दिलेली असत आणि ही वजने दर आठवड्याला तपासली जात. काटेकोरपणा होता तो इथे. चकती वजनात चोख उतरली की ती छापेसाठी पुढे जाई, आणि तिथे मात्र सगळा भर वेगावर असे. अक्षर अर्धे पडले म्हणून नाणे परत वितळवायला पाठवण्याची गरज कोणाला वाटत नव्हती.

याचे कारण बाजारात होते. पेशवाईत एकाच पेठेत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली सिक्का असे नाना तऱ्हेचे रुपये फिरत. त्यांतल्या बहुतेकांवर मुघल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असे. सराफ नाणे घेई ते वजन आणि कस पाहून, आणि त्यावरून बट्टा ठरवी. छापेने एवढेच सांगायचे की नाणे कोणत्या टाकसाळीचे आहे, आणि तेवढ्यासाठी एखादी खूण पुरे होई. चांदवडच्या रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असा फारसी मजकूर असे. त्यातला अर्धा चकतीबाहेर गेला तरी रोज नाणी हाताळणारा सराफ ते नाणे ओळखत असे. संशय आला तर तो नाण्यावर आपल्या पोगराची बारीक खूण मारून आतला धातू पाही. अशा सराफी खुणा असलेले शेकडो रुपये आज संग्रहांत आहेत. त्या खुणा छापेचा दोष नव्हेत आणि झीजही नव्हेत. त्या नाण्याच्या व्यवहारातल्या नोंदी आहेत.

खुद्द सरकारचेही लक्ष कसावरच असे. पेशव्यांनी कोकणात आणि देशावर अनेकांना टाकसाळींचे परवाने दिले. धारवाड भागात खासगी टाकसाळी फार झाल्या आणि हिणकस नाणी पडू लागली, तेव्हा १७६५ मध्ये त्या बंद करून एकच मध्यवर्ती टाकसाळ चालवण्याचा हुकूम निघाला. तक्रार होती ती धातूत खोट मिसळण्याची.

हीच दृष्टी रायगडावरही दिसते. १६७४ च्या जूनमध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन गडावर होता. इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, असे त्यातले एक कलम होते. त्यावर उत्तर मिळाले की, या कलमाची गरजच नाही. कोणतेही नाणे चालवायला आपली मनाई नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घ्यायची सक्तीही आपण करणार नाही. इंग्रजांचे नाणे कसाला आणि वजनाला इतरांच्या तोडीचे असेल, तर ते चालेल.

राज्याभिषेकाबरोबर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई आली. होन आज अगदी मोजके उरले आहेत. शिवराया मात्र पुष्कळ सापडतात, आणि ठशाची पारख शिकायला याहून चांगले नाणे नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, आणि दोन्हीकडे भोवती टिंबांचे वर्तुळ. मजकूर ठरलेला असल्यामुळे काय उमटायला हवे होते आणि काय उमटले, हे लगेच कळते. टिंबांचे पूर्ण वर्तुळ दोन्ही बाजूंना दिसणारी शिवराई फार विरळा. बहुतेकांवर वर्तुळाचा एखादा तुकडा, कधी ‘राजा’ पूर्ण आणि ‘श्री’चा फक्त खालचा भाग, तर कधी ‘छत्र’ ठसठशीत आणि ‘पति’ कडेबाहेर. लेखनही एकसारखे नाही. ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ अशी रूपे आढळतात. ‘पति’ कुठे ऱ्हस्व तर कुठे दीर्घ आहे. पुढे पेशवाईच्या काळात दोन ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या असलेली दुदांडी शिवराई आली.

आता अशी एक शिवराई भिंगाखाली धरू. तिच्या उजव्या अर्ध्या भागावर अक्षरे खोल, स्वच्छ उमटली आहेत आणि डावीकडे ती विरत जाऊन कडेपाशी नाहीशी झाली आहेत. नाणे उलटावे. मागच्या बाजूलाही नेमक्या त्याच कडेला अक्षरे विरलेली असतील, तर घण तिरका बसला होता, हे नक्की. बाजारातली झीज अशी पाठीला पाठ लावून एकाच कडेला येत नाही. ती उंचवट्यांवरून सुरू होते आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखी पसरते.

दुसरी तपासणी अक्षराच्या उभारावर होते. झिजलेल्या अक्षराचा माथा सपाट, गुळगुळीत असतो, पण दोन्ही बाजूंच्या भिंती अजून उभ्या असतात, कारण त्या बोटांच्या आणि थैलीच्या घर्षणापासून आत, सुरक्षित राहिलेल्या असतात. नीट न उमटलेल्या अक्षराला अशा भिंतीच नसतात. ते जमिनीतून हळूच वर आलेले, कडा गोलावलेले असते. त्याच्या माथ्यावर बारीक खडबडीतपणा दिसला तर ती चकतीची मूळ पाठ होय. घाव कमी पडला, धातू ठशाच्या खाचेत तळापर्यंत गेलाच नाही, म्हणून घडणीच्या वेळचे ओरखडे तिथे तसेच राहिले. अशी फिकट शिवराई फारशी वापरात न येताच कुठल्या तरी हंड्यात पुरली गेली असण्याचीही शक्यता असते. उलट, ठळक अक्षरांची दुसरी एखादी पाचपन्नास वर्षे हातोहात फिरलेली असू शकते.

कडेकडून आत जाणाऱ्या चिराही पाहाव्यात. जोराच्या घावाने तांबे पसरते आणि कडेला तडकते. अशा चिरा हाताने पाडलेल्या नाण्यांवर नेहमीच्या आहेत. एखादी बारीक उंच रेघ अक्षरांतून आडवी गेलेली दिसली तर ती ओरखडा नव्हे. ओरखडा खोल असतो. उंच रेघेचा अर्थ असा की, ठसाच तडकला होता आणि धातू त्या तड्यात शिरला. अक्षरांची कड दुहेरी दिसली तर दोन घावांच्या मध्ये चकती किंवा ठसा हलला होता. आणि एका बाजूची अक्षरे खोलगट व आरशातल्यासारखी उलटी दिसली, तर आधीचे नाणे एका ठशाला चिकटून राहिले होते आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचीच छाप उठली होती. घाईच्या कामाचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

छापेचे हे वाचन महाराष्ट्राच्या इतिहासाला एकदा फार मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडले आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षहरात क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक नाणी त्यात होती, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावर तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. जुनी नाणी न वितळवता त्यांच्यावरच नवे घाव घातले होते. नवा ठसा जिथे जोरात बसला तिथे नहपान पुसला गेला. जिथे घाव हलका पडला तिथे डोंगराच्या कमानीखालून त्याचे नाक, केस, ग्रीक अक्षरे अजून डोकावतात. कोणी कोणाचा पराभव केला आणि कोण आधीचा, याचा धातूवरचा पुरावा त्यातून हाती आला. प्रत ठरवण्याच्या नेहमीच्या रीतीने या नाण्यांची छाप अस्वच्छ म्हणावी लागेल. पण एखादे नाणे पूर्ण जोराने, स्वच्छ छापले गेले असते, तर त्या नाण्याखाली नहपान होता हे कळले नसते.

हाताने नाणे सुबक पाडताच येत नव्हते, असा मात्र याचा अर्थ नाही. ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या टाकसाळीतल्या कामांची सविस्तर यादी आहे. पोलादावर अक्षरे कोरणारा दिल्लीचा मौलाना अली अहमद अद्वितीय असल्याचे त्यात नमूद आहे. चकती दोन ठशांमध्ये धरणारा आणि घण मारणारा, अशी माणसेही वेगळी सांगितली आहेत. जहांगीरची राशिचक्राची नाणी पाहिली की, या पद्धतीची झेप कुठवर होती ते दिसते. सिंह, वृषभ, मिथुन अशा राशींची चित्रे त्यांवर इतक्या बारकाव्याने उठली आहेत की, जगभरचे संग्राहक आजही त्यांच्या मागे असतात. बादशहाला नजर करायची नाणीही मुद्दाम मोठ्या, रुंद चकतीवर सावकाश पाडली जात, म्हणजे ठशाची कड न् कड आत मावे. त्याच काळातल्या चालू रुपयावर मात्र टाकसाळीचे नाव किंवा साल हमखास कडेबाहेर जाते. कसब होतेच, ते कुठे खर्च करायचे, हे ठरवून केलेले होते. म्हणून नजराणा नाण्याचा मापदंड चालू रुपयाला लावून त्याला कमी प्रतीचे म्हणणे बरोबर नाही.

मुंबईत हे चित्र पालटले, पण एका दिवसात नव्हे. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, १६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत चांदी, तांबे आणि कथिलाची नाणी पाडायला सुरुवात केली, तीही घणानेच. शंभरेक वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये मॅथ्यू बोल्टनने सोहो टाकसाळ उभारली आणि वाफेच्या जोरावर चालणारी छापयंत्रे बसवली. मुंबई इलाख्यासाठी १७९१ मध्ये तिथून तांब्याची नाणी बनून आली. एका बाजूला कंपनीची निशाणी, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्यात फारसी अक्षरांत ‘अदल’, म्हणजे न्याय. सगळी गोल, सगळी एकसारखी, सगळी अक्षरे कडेच्या आत. ज्या बाजारात अर्ध्या अक्षरांची शिवराई चालत होती, तिथेच हे नाणे आले.

पुढे १८२४ पासूनच्या काही वर्षांत कॅप्टन जॉन हॉकिन्सच्या देखरेखीखाली फोर्टमध्ये मुंबईच्या टाकसाळीची आजची इमारत उभी राहिली आणि वाफेची यंत्रे मुंबईतच आली. या संक्रमणाची सर्वांत बोलकी साक्ष सुरती रुपया देतो. शाह आलम दुसरा याच्या नावाचा, हिजरी १२१५ आणि राज्यवर्ष ४६ हे आकडे तसेच गोठवलेला हा रुपया आधी हाताने पाडला जाई. त्याच मजकुराचा रुपया पुढे यंत्रावरही पडला. दोन्ही शेजारी ठेवले की, हाताने पाडलेला जाडसर आणि आक्रसलेला दिसतो आणि त्यावर मजकुराचा मधला भागच काय तो असतो. यंत्रावरच्या रुपयावर तोच मजकूर सबंध आहे, भोवती किनार आहे, चकती काटेकोर गोल आहे. भाषा तीच, बादशहाही तोच. बदलले ते यंत्र. १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा, विल्यम चौथ्याचा मुखवटा असलेला एकसारखा रुपया कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी आला, आणि टाकसाळीगणिक बदलणाऱ्या रुपयांचे, त्यांच्या बट्ट्याचे दिवस सरू लागले.

यंत्र आले तरी छापेचे प्रश्न संपले नाहीत. त्यांचे स्वरूप बदलले. यंत्राच्या नाण्यावर धातूची वाटणी महत्त्वाची ठरते. दाब पडतो तेव्हा धातू दोन्ही ठशांच्या खाचांत एकाच वेळी शिरत असतो. एका बाजूच्या सर्वांत उंच भागाच्या बरोबर मागे दुसऱ्या बाजूचाही उंच भाग आला, तर दोन्हीकडे पुरेल इतका धातू तिथे उरत नाही आणि एक बाजू उपाशी राहते. ठसे बराच काळ वापरात राहिले की त्यांच्या कडा बोथट होतात आणि शेवटची नाणी पहिल्यांपेक्षा मऊ दिसतात. म्हणून पंचम जॉर्जच्या रुपयाची छाप तपासताना मुकुटातली रत्ने आणि झग्यावरचा छोटा हत्ती आधी पाहतात. हा हत्ती तसाही प्रसिद्ध आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड आखूड दिसली, लोकांना तो डुकरासारखा वाटला, गवगवा झाला आणि १९१२ पासून त्याचे रूप सुधारावे लागले. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या मुंबई रुपयांवर आणखी वेगळी परीक्षा असते. पुढची कित्येक वर्षे साल न बदलता हेच रुपये पडत राहिले आणि वर्षांची खूण म्हणून सालाखाली बारीक टिंबे देत गेले. छाप जराशी मऊ असली की टिंब मोजताना गफलत होते आणि नाण्याचे साल बदलते.

नाण्याची प्रत आकड्यांत मांडायची आजची पद्धत या यंत्रयुगातून, आणि मुख्यतः अमेरिकेतून आली. विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. १९८६ आणि १९८७ मध्ये तिथे पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था निघाल्या आणि त्यांनी तीच श्रेणी पुढे नेली. अमेरिकन नाण्यांच्या छापेसाठी त्यांच्याकडे नेमक्या खुणा आहेत. ‘मर्क्युरी’ डाइमच्या मागच्या बाजूला काठ्यांच्या जुडीवर बांधलेले पट्टे पूर्ण सुटे दिसावे लागतात, जेफरसन निकेलवर माँटिचेलो वाड्याच्या पायऱ्या मोजल्या जातात, आणि न्यू ऑर्लिन्सच्या मॉर्गन डॉलरवर कानावरचे केस बरेचदा सपाट असतात, हे तपासणारा गृहीतच धरतो. यातही मूळ विचार तोच आहे. प्रत्येक टाकसाळीची सवय ओळखायची आणि मग नाणे तोलायचे.

घोटाळा होतो तो हीच श्रेणी मागे नेऊन हातघडणीच्या नाण्यांना सरसकट लावली की. तिथे केवळ झिजेचा एक आकडा पुरत नाही. याची जाण ठेवून एनजीसी प्राचीन नाण्यांना श्रेणीखेरीज छाप आणि पृष्ठभाग यांचे पाचपैकी वेगवेगळे गुण देते. न वापरलेले, पण कडेबाहेर छापलेले नाणे त्यात आपोआप वेगळे दिसते. शिवराई, चांदवडी, अंकुशी यांच्यासाठीही अशीच वेगवेगळी नोंद व्हायला हवी: झीज किती, छाप किती खोल, छाप मध्यावर आहे की सरकलेली, चकती केवढी, दोन बाजूंचा एकमेकींशी कोन किती. हा कोन यंत्राच्या नाण्यावर ठरलेला असतो. हाताने पाडलेल्या नाण्यावर तो दर नाण्याला बदलतो, आणि बहुतेक जण तो लिहून ठेवत नाहीत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही श्रेणीच्या आधी येते. चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख केलेल्या शिवराईवर छाप आणि झीज यांतला फरक कायमचा पुसला जातो. अक्षरांच्या भिंती, माथ्यावरचा खडबडीतपणा, चकतीची मूळ पाठ, तांब्यावर चढलेला काळसर थर, या सगळ्यावरच पारख उभी असते. घासल्याने नाणे चमकते आणि मुके होते.

आणि अर्ध्या छापेच्या नाण्यांचे एक काम अजून बरेच बाकी आहे. एका ठशाने हजारो नाणी पडत आणि प्रत्येकावर ठशाचा वेगळा भाग येई. कुठे वरची डावी बाजू, कुठे खालची. एकाच ठशाची नाणी ओळखून, त्यांची मापात घेतलेली छायाचित्रे एकमेकांवर जुळवली, की कोणत्याही एका नाण्यावर नसलेला संपूर्ण ठसा कागदावर उभा राहतो: ‘श्री’चा माथा एका शिवराईवरून, टिंबांच्या वर्तुळाचा उजवा भाग दुसरीवरून, ‘व’ची कड तिसरीवरून. किती ठसे वापरात होते, ते कोणत्या क्रमाने तडकले, कोणत्या कारागिराची ‘शि’ कशी वळते, हे अशा जुळणीतूनच कळते. त्यासाठी सराफकट्ट्यावर ‘घासलेली’ म्हणून ढिगात टाकलेल्या शिवराया लागतात, वजन, कोन आणि छायाचित्र नोंदवलेल्या. त्यांतल्या एखादीवर कडेला उमटलेली चार टिंबे हाच एखाद्या ठशाचा अजून न मिळालेला तुकडा असू शकतो.